गच्चीवरचं शेंडेनक्षत्र

मला तो धूमकेतू दिसला नव्हता.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. बायकोला सांगितलेलं नाही, मुलांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. सांगलीतल्या माझ्या वयाच्या काही लोकांना मी अजूनही 'धूमकेतू दाखवणारे सर' म्हणून आठवतो. एखाद्या लग्नात कुणीतरी हात धरून म्हणतं, "सर, काय देखावा होता हो तो!" मी हसतो. त्यांनाही काही दिसलं नव्हतं, हे मला माहीत असतं. त्यांना स्वतःला ते माहीत असतं की नाही, हे मात्र मला कधी कळलेलं नाही.

त्र्याहत्तर सालच्या दिवाळीपासून वर्तमानपत्रं त्या धूमकेतूनं भरलेली होती. शतकातला सर्वांत तेजस्वी, दिवसाढवळ्या दिसणार, शेपूट अर्ध्या आकाशाला पुरणार. अमेरिकेची एक प्रयोगशाळा तेव्हा पृथ्वीभोवती फिरत होती आणि तिच्यातले तिघे अंतराळवीर वरूनच त्याचा अभ्यास करणार होते. हा धूमकेतू सूर्याजवळ बहुधा पहिल्यांदाच येतोय, ग्रह तयार झाले त्या काळातला बर्फ आणि धूळ त्याच्यात जशीच्या तशी असेल, असं शास्त्रज्ञ म्हणत होते. मी हे सगळं अधाशासारखं वाचत होतो. आमच्या कॉलेजात मी पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, तात्पुरत्या नेमणुकीवर. जूनमध्ये कायम करायचं की नाही ते ठरणार होतं.

त्यामुळे प्राचार्यांनी जेव्हा विचारलं, "धूमकेतूवर चार ठिकाणी बोलाल का?" तेव्हा मी लगेच हो म्हणालो. तासगावच्या शाळेत बोललो, मिरजेत बोललो. गोळेवाल्याकडून बर्फ घ्यायचा, त्यात चुलीतली राख आणि माती कालवायची, हातावर गोळा धरून म्हणायचं, "हा धूमकेतू." मग टेबलफॅन लावून त्याच्यापुढं कापूस पिंजायचा, ते शेपूट. तासगावात मागून एकजण ओरडला, "मास्तर, वाईच सरबत टाका की वरनं!" सगळी शाळा हसली. मीही हसलो. मला ते आवडायला लागलं होतं. धूमकेतू म्हणजे अपशकुन नव्हे, हे मी इतक्या ठासून सांगायचो की म्हाताऱ्या बायका नंतर येऊन विचारायच्या, "मग ते शेंडेनक्षत्र बघितलं तर चालतंय न्हवं?" चालतंय, मी म्हणायचो. अवश्य बघा.

डिसेंबरात तो पहाटे पूर्वेला दिसायला हवा होता. मी कैकदा गच्चीवर गेलो. नाही दिसला. सूर्याला वळसा घालून जानेवारीत संध्याकाळी येईल तेव्हा दिसेलच, असं स्वतःला सांगितलं आणि लोकांनाही तेच सांगत राहिलो.

मी तेव्हा दादाकडे राहत होतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. आमचं गाव माण तालुक्यातलं. वडील मी लहान असतानाच गेले. दादा सैन्यात ट्रकवर ड्रायव्हर होता. डोंगरातल्या अशा रस्त्यांवरून त्यानं गाडी हाकली होती की जिथं एका चाकाखाली नुसती हवा असते. तिथून सुटून आल्यावर एसटीत लागला. सांगली स्टँडच्या मागं दोन खोल्या होत्या. त्यात तो, वहिनी आणि मी. मी शिकलो ते त्याच्या स्टिअरिंगवर. घरात हे कुणी बोलून दाखवत नसे, दादा तर नाहीच. त्याला बोलायचं असेल तर तो गाडीबद्दल बोलायचा. कुठली गाडी चढाला दम टाकते, कुठली कानाला बरी लागते. सीटवर बसायच्या आधी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचा. आमच्या घरात देवाला नमस्कार करायची जबाबदारी वहिनीची होती. दादाचा देव डेपोत उभा असायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर दहिवडीच्या रस्त्याला त्याच्या गाडीपुढं मेंढरं आली. संध्याकाळची वेळ, धूळ उठलेली. त्यानं ब्रेक मारला, गाडी थांबली, पण एक कोकरू चाकाखाली गेलं. मेंढका भांडलासुद्धा नाही. कंडक्टर म्हणाला, "कोकरू गेलं डायवर, माणूस न्हाई गेलं. चला." पण दादा त्या दिवशी जेवला नाही.

"आवं, दोन घास तरी खावा की," वहिनी म्हणाली.

"धूळ हुती, खरं हाय," दादा म्हणाला. "पन मला ती आधी दिसाय पायजे हुती."

मग त्यानं एक डोळा झाकला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. दुसरा झाकला, परत बघितलं. मी ते पाहिलं आणि माझ्या पेपरात डोकं घातलं. चाळिशीला टेकलेल्या ड्रायव्हरला एकच भीती असते. डेपोत ती कुणी बोलून दाखवत नाही. नजर गेली की गाडी गेली.

जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, प्राचार्यांनी कॉलेजच्या गच्चीवर धूमकेतूदर्शनाचा कार्यक्रम ठेवला. 'दर्शन' हा शब्द त्यांचाच. कॉलेजकडे एक जुनी छोटी दुर्बीण होती, तिचा स्टँड डगमगायचा. सूर्य मावळायच्या आत जिन्यावर रांग लागली. कॉलेजच्या आसपासचं सगळं विश्रामबाग लोटलं होतं, प्राध्यापक, त्यांच्या बायका, व्यापारी, वकील. दादाही आला होता. ड्यूटी संपवून खाकीतच.

मी दुर्बीण नैर्ऋत्येला लावली. शुक्र लखलखत होता, त्याच्या जरा वर गुरू. त्यांच्या आसपासच धूमकेतू असायला हवा होता. त्या बाजूला साखर कारखान्याचा धूर आडवा पसरला होता. मी शोधलं. परत शोधलं. मागं प्राचार्य उभे.

"काय, सापडला का?"

खाली रांग जिन्यातून अंगणापर्यंत गेलेली. मी म्हणालो, "हो सर."

दुर्बिणीत तेव्हा काय होतं? काचेवर माझ्याच श्वासाची पुसट वाफ धरली होती, किंवा धुराचा एक पांढरट पट्टा होता. प्राचार्य वाकले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "वा! अप्रतिम!"

त्यानंतर सगळ्यांना दिसला.

लोक चपला काढून पुढं येत होते. वाकायचे, बघायचे, काहीजण दुर्बिणीला हात लावून कपाळाला लावायचे. शिपाई म्हणत होता, "चला, पुढं चला, मागच्यांनाबी घ्यायचंय." गाभाऱ्यातून बाहेर पडणारा माणूस देव दिसला नाही असं कधी म्हणतो का? गर्दीत रेटारेटी झाली, पुढच्याचं डोकं आडवं आलं, नुसता फुलांचा ढीग दिसला, तरी बाहेर आल्यावर तो म्हणतो, छान दर्शन झालं. तसंच झालं. एका बाईंना तर शेपूटही दिसलं, मोरपिसासारखं.

दादाची पाळी आली. त्यानं टोपी काढून काखेत धरली. वाकला. बराच वेळ बघत राहिला. डोळा बदलला.

"मला न्हाई दिसत," तो म्हणाला.

मागून कुणीतरी म्हणालं, "डायवर सायेब, चष्म्याचा नंबर काढा!" दुसरा लगेच, "यष्टी हाकताय का बैलगाडी, आवं?" रांगेत हशा झाला. दादाही हसला.

मी तिथं दोन हातांवर होतो. "धुरानं झाकला असेल" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. माझ्या तोंडून जे निघालं ते असं: "दादा, नीट बघ. डाव्या अंगाला, पुसट आहे."

त्यानं पुन्हा बघितलं. मग सरळ उभा राहिला, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, "व्हय." एवढंच. आणि बाजूला झाला.

आम्ही चालत घरी निघालो. बाजारापाशी आल्यावर तो म्हणाला, "मी व्हय म्हणालो, पन मला न्हाई दिसलं, गड्या. तुला सांगतो. तुझ्या वहिनीला बोलू नगंस."

"धूर होता, दादा," मी म्हणालो.

"धूर समद्यास्नीच हुता. समद्यास्नी दिसलं." टोपी सारखी करत तो म्हणाला, "शुक्र दिसला मला. तो मोठा असतोय. बारकं दिसंना झालंय. मेंढरांच्या टायमालाच मला वाटलं हुतं."

मला वाटलं होतं, दोन दिवसांनी विसरेल.

तिसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात कॉलेजची बातमी आली, माझ्या वर्णनासकट. ते वर्णन मी स्वतः लिहून दिलं होतं, अमेरिकेतल्या बातम्यांवरून. मग साताऱ्याहून बोलावणं आलं. एका शाळेच्या सभागृहात व्याख्यान. मी जायचं ठरवलं आणि दादा म्हणाला, "माझी गाडी हाय त्या दिवशी साताऱ्याला. माझ्याच गाडीतनं चल."

साताऱ्यात सभागृह भरलं होतं. माझं बोलून झाल्यावर एक वकील उठले. "आम्ही अजिंक्यताऱ्यावर जाऊन बघितलं. काही दिसलं नाही. तुम्हाला कसा दिसला?"

मी उत्तर द्यायच्या आधीच व्यासपीठावरचे अध्यक्ष म्हणाले, "अहो, त्यांच्याकडे दुर्बीण होती!" लोकांनी माना डोलावल्या. वकील बसले. मला खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही. लोकच माझ्यासाठी बोलत होते. आणि शेवटच्या बाकावर, गाडी स्टँडवर लावून, खाकीतला माझा भाऊ बसला होता. त्यानं ते ऐकलं. दुर्बिणीतूनच तर त्यालाही बघायला मिळालं होतं.

मला शाल आणि नारळ मिळाला.

परतीच्या गाडीत मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलो, नारळ मांडीवर घेऊन. दुपार कलली होती. दादा एरवीपेक्षा हळू चालवत होता. मधूनच फडकं घेऊन समोरची काच पुसत होता, ती स्वच्छ असूनही. रस्त्याकडेला मैलाचे दगड येत होते. तो लांबूनच ते मोठ्यानं वाचू लागला. किती लांबून, तर मला तो पांढरा ठिपका दगड आहे एवढंच कळायचं. जवळ आल्यावर मी बघायचो, आकडा बरोबर असायचा. प्रत्येक वेळी बरोबर.

कराडला गाडी थांबली. आम्ही चहा घेतला. कंडक्टर विडी ओढायला गेला होता.

"ही माझी शेवटची गाडी," दादा म्हणाला. बशीत चहा ओतत, माझ्याकडे न बघता.

"म्हणजे?"

"मॅनेजरला सांगून आलोय. पाठ दुखती म्हणालो, हलकं काम द्या. डोळ्याचं नाव काढलं तर डागदर कागदावर लिवणार, मग घरीच बसायचं. पाठीचं कोन बघतंय?"

"दादा, अरे, तू आत्ता दगड वाचत होतास. सगळे बरोबर."

"ते पाठ हायेत रं मला. ह्या रस्त्याचं एकूण एक." त्यानं बशी खाली ठेवली. "गाडीत माणसं असत्यात. उद्या मेंढराच्या जागी पोर आलं, तर मी कुणाला काय सांगू? समद्यास्नी दिसत हुतं आन् मला न्हाई, असं सांगू?"

तोंडात वाक्य आलं होतं. खरंच आलं होतं. तेवढ्यात कंडक्टर आला, "चला डायवर," म्हणाला, आणि मी गाडीत चढलो.

पेठ नाक्याच्या पुढं अंधारून आलं. गळिताचा हंगाम, रस्त्याला उसाच्या बैलगाड्या. दादानं अचानक वेग कमी केला.

"फुडं उसाची गाडी हाय. कंदील न्हाई तिला."

"कुठाय?" कंडक्टर दारातून वाकून बघत म्हणाला. मीही बघितलं. नुसता काळोख. बऱ्याच पुढं गेल्यावर दिव्यांच्या उजेडात उसाचे शेंडे हलताना दिसले आणि मग बैलांचे डोळे चमकले. गाडीवान वर झोपलेला होता. दादानं हॉर्न न वाजवता, बैल बुजू नयेत म्हणून, गाडी हळूच बाजूनं काढली.

त्या क्षणी मला पक्कं कळलं की माझ्या भावाच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. तोपर्यंत मी स्वतःला सांगू शकत होतो की कुणी सांगावं, असेलही त्याची नजर कमी. पेठ नाक्यानंतर ती सोय राहिली नाही. त्या आधीचं सगळं मी घाबरून केलं होतं. त्या नंतरचं कळून केलं. गाडीच्या खिडक्या लावलेल्या, माणसं पेंगलेली, मांडीवर नारळ, अंगावर शाल, आणि माझ्यापुढं दादाची मान. मला ती शाल काढता येत नव्हती. थंडी नव्हती, तरी.

सांगली स्टँडवर सगळे उतरल्यावर तो बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मी एवढं म्हणालो, "दादा, ती उसाची गाडी तुला आमच्या आधी दिसली."

"ती वासानं कळती," तो म्हणाला.

खिडक्या बंद होत्या. इंजिनाच्या वासापुढं उसाचा वास येणं शक्य नव्हतं, हे त्यालाही माहीत असणार. पण तो उत्तर शोधत होता आणि मला ते उत्तर सोयीचं होतं. मी ते घेतलं.

जूनमध्ये मी कायम झालो. दादा डेपोत गाड्या धुवायला लागला. नंतर गेटवर आला. ड्रायव्हरचा भत्ता गेला, ते त्यानं सोसलं. पण गेटवर बसून तो गाड्या बघायचा नाही, ऐकायचा. आत येणारी गाडी आवाजावरून ओळखायचा आणि नव्या पोरांना म्हणायचा, "गिअर हळू टाक रं, रडाय लागलीया ती." पोरं हसायची. "म्हाताऱ्या, तू हाक की मग!" तो हसून गेटचा दांडा वर करायचा.

वहिनीला पटलेलं नव्हतं. "पाठ दुखती म्हणं, आन् बादल्या उचलताय," ती त्याला टोमणे मारायची. एकदा मला एकट्याला गाठून तिनं विचारलं, "भावजी, खरं सांगा, ह्यांना झालंय काय? दारूबिरू तर न्हाई न्हवं?"

"नाही वहिनी. पाठच आहे," मी म्हणालो.

तो धूमकेतू अगदीच नव्हता असं नाही. गावांपासून लांब, स्वच्छ आकाशात, सवयीच्या डोळ्यांना तो पुसट दिसला. वरच्या त्या तिघा अंतराळवीरांनी तर त्याचं चित्रही काढलं. शास्त्रज्ञांना त्याच्याकडून पुष्कळ शिकायला मिळालं, ते नाराज नव्हते. नाराज झाले ते वर्तमानपत्रवाले. 'शतकातली निराशा' वगैरे त्यांनी लिहिलं. ते वाचून सांगलीत कुणीतरी मला विचारेल, अशी मी वर्षभर वाट पाहिली. कुणी विचारलं नाही. आपल्याला दिसला होता ना, मग झालं.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात दादाला पेपर वाचताना अक्षरं लागेनात. त्याच आठवड्यात ती अंतराळातली प्रयोगशाळा, रिकामी झालेली, पृथ्वीवर कोसळणार म्हणून लोक घाबरले होते. डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर तोच विषय चाललेला. दादा म्हणाला, "पडू दे की. आपल्याच डोक्यावर बसाय तिला काय कंडक्टरनं जागा धरलीय?" बाक हसला. मला हसू आलं नाही. त्या धूमकेतूला नीट पाहिलेली माणसं तेव्हा तिच्यातच राहत होती.

आत डॉक्टरांनी तक्त्याची अगदी खालची ओळ वाचायला लावली. दादानं वाचली. दुसऱ्या डोळ्यानंही वाचली.

"लांबचं लख्ख आहे," डॉक्टर म्हणाले. "वयामुळं जवळचा चष्मा लागेल, बाकी काही नाही. पूर्वी काही त्रास होता का?"

दादानं माझ्याकडे बघितलं. मी तक्त्याकडे बघितलं.

"हुता," तो म्हणाला. "आराम दिला, त्यानं नजर सुधारली बगा."

बाहेर आल्यावर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू त्या दिवशी गच्चीवर न्हेलं म्हणून कळलं, न्हाईतर मी हाकतच बसलो असतो. किती माणसं असत्यात एका गाडीत." मी म्हणालो, मग आता परत बस की गाडीवर, डॉक्टर लिहून देतील. त्यानं मान हलवली. "आता हात विसरला."

हात विसरला नव्हता. चालताना पुढून काही आलं की त्याचा उजवा पाय अजून जमिनीवर ब्रेक दाबतो.

तेव्हापासून तो ती गोष्ट सांगतो. गावाकडे पारावर, नातवंडांना, माझ्या मुलीच्या लग्नात व्याह्यांना. भावानं आकाशातलं शेंडेनक्षत्र दाखवलं, म्हणून माझी नजर कमी झालेली कळली, म्हणून कुणाचं पोर माझ्या चाकाखाली आलं नाही. सांगताना तो माझ्याकडे बघतो आणि मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो. दर वेळी ही गोष्ट जरा मोठी होते आणि तिच्यातून बाहेर पडायचं दार जरा लहान होतं. आता खरं सांगितलं तर त्याची सीटच नुसती नाही, ती सीट त्यानं ज्या कारणासाठी सोडली ते कारणही मी काढून घेतो. हे मी स्वतःला खूप वर्षं सांगत आलोय. हेही उसाच्या वासासारखंच आहे, सोयीचं.

दादा आता गावी असतो. डोळे चांगले आहेत. संध्याकाळी ओट्यावर बसून लांबच्या रस्त्यावरची एसटी कुठल्या डेपोची ते सांगतो.

मी त्याला एवढं सांगायचं देणं लागतो: त्या गच्चीवर मलाही काही दिसलं नव्हतं, तुझी नजर चांगली होती, आणि पेठ नाक्यापासून ते मला माहीत होतं. हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही.